वाचकांचे प्रश्न : कांदा, विळी आणि डोळ्यांतलं पाणी

प्रश्न : घरी कार्य असलं की किलो-दोन किलो कांदा मीच विळीवर चिरते. अर्ध्यावर येईपर्यंत डोळे उघडत नाहीत. कुणी म्हणतं तोंडात पाव धर, कुणी म्हणतं पाण्यात टाक, फ्रीजमध्ये ठेव, शेजारी मेणबत्ती लाव. यातलं खरं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी विळीची धार बघा. बाकी सगळं त्यानंतर.

अख्ख्या कांद्यात डोळ्यांना झोंबणारा पदार्थ तयार नसतोच. गंधकाची संयुगं आणि त्यांच्यावर काम करणारी विकरं (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पातं फिरलं, पेशी फुटल्या, की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत तो पदार्थ तयार होऊन हवेत मिसळतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला तो लागला की तो धुऊन काढायला डोळा पाणी सोडतो.

बोथट पातं कांदा कापण्याआधी चेंगरतं. त्यामुळे जास्त पेशी फुटतात, शिवाय रसाचे बारीक थेंब वर उडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वेगवान कॅमेऱ्याने केलेल्या चित्रणातही हेच दिसलं : पातं जितकं बोथट आणि वार जितका जोराचा, तितके थेंब जास्त. म्हणून भराभर चिरून मोकळं होण्याची घाई अंगाशी येते. धार तपासायला पिकलेला टोमॅटो घ्या. पात्याला नुसता टेकवून ओढल्यावर साल कापली गेली पाहिजे. दाबावं लागलं तर धार गेली. कांद्यावरही फरक दिसतो. चांगल्या धारेचा काप गुळगुळीत निघतो, बोथट पात्याच्या कडेला मात्र पांढुरका रस जमतो.

विळीची आणखी एक अडचण म्हणजे आपण वाकतो आणि तोंड नेमकं कांद्याच्या वर येतं. मोठ्या प्रमाणात चिरायचं असेल तेव्हा ओट्यावर पाट आणि सुरी बरी, उभं राहून चेहरा लांब ठेवता येतो. शेंडा कापा, साल काढा, मुळाकडचा भाग तसाच ठेवा. तिथे झोंबणाऱ्या संयुगांचं प्रमाण जास्त असतं, आणि तो पाकळ्याही धरून ठेवतो. शेंड्यापासून मुळापर्यंत दोन फाकी करा. कापलेली बाजू लगेच पाटावर पालथी घाला. आधी मुळाच्या अलीकडे थांबणारे उभे काप द्या, मग आडवे. मूळ शेवटी काढून टाका. चिरलेला कांदा तुमच्यासमोर ढीग करून ठेवू नका, झाकणाच्या डब्यात टाकत जा. हे अगदी साधं आहे, पण बहुतेक घरांत उघड्या परातीतला चिरलेला कांदाच शेवटपर्यंत डोळ्यांना त्रास देत राहतो.

हवेची दिशाही सांभाळा. छताचा पंखा वाफ खोलीभर फिरवतो, तो बंद करा. टेबलफॅन असेल तर तो तुमच्या बाजूने असा ठेवा की वारा कांद्यावरून पलीकडे, खिडकीकडे जाईल.

आता ऐकीव उपाय. फ्रीज थोडाफार उपयोगी पडू शकतो, कारण गारव्याने विकरांचं काम मंदावतं. सालासकट अर्धा तास पुरे, आणि एका वेळी दोन-तीनच कांदे बाहेर काढा, नाहीतर तुमची पाळी येईपर्यंत ते पुन्हा कोमट होतात. पण कायमचा साठा फ्रीजमध्ये नको, ओलाव्याने कांदा मऊ पडतो. पाण्यात भिजवल्याने वरवरचा रस धुतला जातो, आतला तसाच राहतो, आणि ओला कांदा हातातून निसटतो. विळीवर तर हा धोकाच आहे. कोशिंबिरीला चालेल, भजीला किंवा तळून कुरकुरीत करायच्या कांद्याला हे पाणी नडतं. पाव आणि मेणबत्ती यांच्यावर वेळ घालवू नका.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स असताना मला कांदा झोंबत नाही. लेन्स खराब होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लेन्स बुबुळ झाकते, म्हणून झोंबत नाही. जपायचं ते बोटांना. कांद्याचा, आणि त्याहून मिरचीचा, हात लेन्सला लागला तर डोळ्याची आग होते. साबणाने दोनदा हात धुऊन, कोरडे करूनच लेन्स काढा. लेन्स नसणाऱ्यांनी पोहण्याचा चष्मा लावावा. सगळ्या उपायांत भरवशाचा हाच.

प्रश्न : काही कांदे अजिबात झोंबत नाहीत, काही हात लावताच रडवतात. असं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जात, जमिनीतलं गंधक आणि कांद्यातलं पाणी यांवर ते ठरतं. अलिबागचा पांढरा कांदा, जो माळा करून विकतात, सौम्य आणि गोडसर असतो. कच्चा खायला तोच घ्या. कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा टिकाऊ, त्यात पाणी कमी, म्हणून सहसा तिखट लागतो. वाटण आणि रश्शासाठी मात्र तोच चांगला, शिजल्यावर त्याची चव भरते.

2002 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की रडवणारा पदार्थ बनवणारं विकर वेगळंच आहे, चवीच्या विकराहून निराळं. त्यानंतर जपानमध्ये न रडवणारा कांदाही तयार झाला. लसूण ठेचताना डोळ्यांतून असं पाणी येत नाही, कारण त्यातलं गंधकाचं मुख्य संयुग दुसरं आहे.

प्रश्न : मिक्सरचं झाकण उघडताच तोंडावर झोत येतो. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शक्य असेल तिथे कच्चा कांदा वाटूच नका. अख्खा कांदा गॅसवर आतपर्यंत मऊ होईस्तोवर भाजा, किंवा फाकी उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. उष्णतेने विकर निकामी होतं, मग वाटताना त्रास होत नाही. नुसती साल करपून मधला भाग कच्चा राहिला, तर मात्र झोंबेलच. कच्चाच वाटायचा असेल तर मिक्सर बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा, भांडं खिडकीशी न्या आणि झाकण तुमच्या विरुद्ध बाजूने उचला.