एकही फ्रेम उडवू नकोस

पोरी,

जुना निकॉन एफएम टू, म्हणजे फिल्मचा कॅमेरा, घ्यायचा की आहे त्या डिजिटलवरच हात बसवायचा, म्हणून झोप उडालीय तुझी. फिल्मशिवाय 'खरी' फोटोग्राफी येत नाही, हे खूळ डोक्यात कुणी घातलं? घ्यायचा तर घे. माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. परवा जत्रेत बघत होतो तुला. एक फोटो काढायचा, स्क्रीन बघायची, नाक मुरडायचं आणि लगेच डिलीट. ते आधी बंद कर.

रोलमध्ये 36 फ्रेम. फसलेलीही पट्टीवर राहायचीच, कापून टाकणार कुठे? कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलच्या बारीक फोटोंचा एकच कागद, काढली की सगळं समोर: पाचव्या फ्रेमला मी लांब उभा, नवव्याला भलत्याच बाजूला, अकराव्याला कुठे पालखीच्या भोयाचा खांदा नीट सापडलाय. तांबड्या पेन्सिलीची खूण अकरावीवर, पण शिकलो ते पाचवी आणि नववी बघून. तू फक्त अकरावी ठेवतेस, आणि पुढच्या जत्रेत पुन्हा लांबच उभी!

'टाइम' मासिकाचा फोटोग्राफर डर्क हालस्टेड, त्यानं 1996 मध्ये एका कार्यक्रमात गर्दीतल्या मुलीला मिठी मारणारे अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन फिल्मवर टिपले. त्या दिवशी त्या फ्रेमला किंमत शून्य. ती मुलगी मोनिका लेविन्स्की. 1998 मध्ये क्लिंटनबरोबरच्या प्रकरणावरून तिचा चेहरा जगभर झाला, तेव्हा स्लाइडचे गठ्ठे उपसले आणि ती फ्रेम सापडली. तो सांगायचा, शेजारच्या डिजिटलवाल्यांनी आपापल्या फ्रेम केव्हाच उडवल्या होत्या.

तू विचारशील, काका, तुमच्या सुरुवातीच्या डिजिटल वर्षांतलं तरी काय उरलंय? फारसं नाही. 1999 मध्ये निकॉन डी वन हा डिजिटल कॅमेरा आला, 2.7 मेगापिक्सेलचा. आमच्या पेपरात त्यानंतरही बराच काळ फिल्मवर काढायचं, धुवायचं, निगेटिव्ह स्कॅन करून पानावर लावायची, असा दोन डगरींवर पाय. पुढे डिजिटल कॅमेरे आले, पण मेमरी कार्डं महाग आणि इवलीशी. जागा करायला उडवावंच लागे. आमचा इलाज नव्हता. म्हणून तर मी फिल्म सोडायला तयार नव्हतो. हसले लोक. हसू देत, तोवरच्या निगेटिव्ह तरी शाबूत आहेत. पुढची वर्षं आठवली की अजून चरफडतो.

तुला ती सबब नाही. एका कार्डात अख्खी जत्रा मावते.

आणि हल्लीचे हौशी फिल्मवाले! लॅबकडून स्कॅन मोबाइलवर मागवतात, निगेटिव्ह न्यायला फिरकतही नाहीत. त्यांच्यात जायचंय का तुला?

रविवारी ये. जत्रेतलं जे उरलंय ते सगळं, काढलं त्याच क्रमानं, बारीक करून कागदावर छापून आण. निवडक आणलंस तर चहासुद्धा मिळणार नाही.

तुझा,
काका