परत नेमकं कोण जाणार आहे?

"ताई, तीस वर्षं झाली इथे. आता परत जावंसं वाटतं. पण तिथे आपल्याला कोणी आपलं म्हणेल का?"

टोरांटोत समुपदेशन करताना हे मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने "ताई, तीस वर्षं" म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. कोणी ठाण्याचं, कोणी नाशिकचं, कोणी सांगलीचं; काळजी तीच. अशा वेळी मला हमखास एक हंगेरियन बाई आठवतात. त्यांच्या परवानगीने हे लिहितेय. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. जन्म ज्यॉरचा. बुडापेस्टहून व्हिएन्नाला जाताना वाटेत लागणारं, नद्यांच्या संगमावरचं गाव. 1956च्या ऑक्टोबरात हंगेरीत उठाव झाला, 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे 2 लाख माणसं देश सोडून गेली. त्यांतली 37 हजारांहून जास्त कॅनडाने घेतली. ही नऊ वर्षांची मुलगी त्यांतलीच. आईवडिलांबरोबर रात्री दलदलीतून, वेतासारख्या उंच गवतातून चालत आंडाऊच्या लाकडी पुलावरून ती ऑस्ट्रियात पोचली. हातात आजीने बांधून दिलेला खसखशीच्या गोड वळकटीचा तुकडा. आजी मागेच राहिली. 21 नोव्हेंबरला तो पूल सोव्हिएत सैनिकांनी उडवून दिला.

(खसखस म्हटल्यावर मला अनारसे दिसले. त्यांची खसखस काळपट निळी असते आणि ती वर भुरभुरवत नाहीत, वाटून सारणासारखी भरतात. एकदा त्यांनी करून आणली होती. त्या दिवशी समुपदेशन कमी आणि खाणं जास्त झालं.)

नवरा गेला, मुलं मार्गी लागली आणि त्यांनी ठरवलं, आता ज्यॉरला जाऊन राहायचं. चाचपणी म्हणून महिनाभर जाऊन आल्या त्या पार मोडूनच. आजीच्या थडग्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. तिकडे थडग्याची जागा साधारण 25 वर्षांच्या मुदतीने मिळते; पैसे भरून मुदत वाढवली नाही तर ती दुसऱ्याला देता येते. आतेभावाने ती वाढवली नव्हती. पुलाची गोष्ट सांगायला घेतली, तर तो म्हणाला, "पूल ओलांडलात ती एक रात्र होती. पुढची तेहेतीस वर्षं आम्ही इथे होतो." म्हणजे 1989 साली कम्युनिस्ट राजवट संपेपर्यंत.

आणि तिसरी गोष्ट बेकरीतली. ती सांगताना मात्र त्या अडखळल्या. "सगळं दुकान हसलं माझ्यावर," एवढंच म्हणाल्या.

पहिले काही आठवडे मी चुकत होते, हे कबूल करते. हा एकटेपणाचा प्रश्न आहे असं मी धरून चालले होते, त्यामुळे इथल्या हंगेरियन मंडळींत मिसळा वगैरे सुचवत राहिले. त्या सौजन्याने ऐकायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा थडग्यापाशी येऊन थांबायच्या.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली. परिस्थितीपेक्षा आपण तिच्याकडे धरलेला हट्ट माणसाला जास्त छळतो, हे एलिस आयुष्यभर सांगत राहिले. मराठीत हा हट्ट ओळखायला फार सोपा, तो एका 'च'मध्ये मावतो. बाई बोलायच्या इंग्रजीत, पण मला तो 'च' स्वच्छ ऐकू यायचा.

"त्यांनी मला ओळखायलाच हवं होतं."

"का?"

"कारण मी त्यांना एक दिवसही विसरले नाही."

"तुम्ही विसरला नाहीत, हे त्यांना कसं कळणार?"

"पार्सलं पाठवत होतो ना आम्ही! कॉफी, नायलॉनचे मोजे..."

"आणि त्या तेहेतीस वर्षांबद्दल तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

उत्तर आलं नाही. त्या दिवशी ठरल्यापेक्षा दहा मिनिटं आधीच उठून गेल्या. मला वाटलं, गेल्या त्या गेल्याच.

पण पुढच्या आठवड्यात आल्या आणि न विचारताच बेकरीचं बोलू लागल्या. मी म्हटलं, "तिथे नेमकं काय बोललात, ते तुमच्या भाषेत म्हणा. मला कळलं नाही तरी चालेल." त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "चोकोलोम, नेनी..." पुढे दोन खारट पोगाचा, म्हणजे छोटे पाव, मागितले असावेत. मला अर्थ कळला नाही, पण आवाज कळला. सत्तर वर्षांच्या बाईचा नव्हता तो. बारीक, वरच्या पट्टीतला, शाळेत बाईंसमोर उभं राहिल्यावर लागतो तसा.

"याचा अर्थ काय?"

"नेनी म्हणजे काकू, मावशी. आणि चोकोलोम म्हणजे... हाताची पापी घेते. मोठ्या माणसांना लहान मुलं म्हणतात तसं."

"बेकरीतली बाई किती वर्षांची होती?"

"असेल चाळिशीची."

बोलता बोलता त्या थांबल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. मी काही बोलले नाही. टिश्यूचा डबासुद्धा पुढे सरकवला नाही. असा क्षण आला की हात बांधून बसायचं, एवढं वीस वर्षांत मला जमायला लागलंय.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "माझं सगळं मॅग्यार, म्हणजे हंगेरियन भाषा, नऊ वर्षांचंच आहे. मोठ्या माणसाशी मोठ्या माणसाने कसं बोलायचं, हे मी तिथे शिकलेच नाही."

मी उडालेच, कारण हे मला आपल्याकडे रोज दिसतं. इथे वाढलेली आपली मुलं घरात आई-आजीला 'तू' म्हणत मराठी शिकतात, आणि पुण्यात बँकेतल्या साहेबांनाही बेधडक 'तू' म्हणतात. अहो-जाहो घराबाहेर शिकायचं असतं, ते शिकायला त्यांना बाहेरच मिळालेलं नसतं. मॅग्यारमध्येही तसंच आहे. घरातलं 'ते' म्हणजे आपलं 'तू', आणि परक्याला आदराने 'ओन'. बाईंकडे 'ओन' नव्हतं. जायची ओढ लागली होती नऊ वर्षांच्या मुलीला. भाडं भरायचं होतं, डॉक्टर शोधायचा होता तो सत्तरीच्या बाईला. दोघींची आपसांत ओळखच नव्हती. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, त्या बेकरीत मिळालं. तेव्हापासून परत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते: नेमकं कोण जाणार आहे?

मग मी त्यांना 'माहेर' समजावून सांगितलं. इंग्रजीत त्याला शब्द नाही, त्यामुळे अर्धा तास गेला. म्हटलं, "तुम्ही माहेरवाशीण होऊन गेलात. कोणीतरी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकेल, ताट वाढेल. पण ओवाळणारी आजी आता नाही. त्याच घरी या खेपेला नवी सून म्हणून जा. मिठाचा डबा कुठे आहे, हे विचारायला नव्या सुनेला लाज वाटत नाही."

"सत्तराव्या वर्षी सून?" त्या म्हणाल्या. पण आवडलं त्यांना.

त्यांनी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन मॅग्यारची शिकवणी लावली, अगदी 'ओन'पासून. आतेभावाला फोन करून, पुलाचा विषय न काढता, विचारलं, "त्या वर्षांत तुम्ही कसे राहिलात?" तो दीड तास बोलत होता. थडग्याची मुदत संपली त्या वर्षी तो स्वतःच इस्पितळात होता, हे तेव्हा कळलं. टोरांटोचं घर न विकता भाड्याने दिलं आणि ज्यॉरमध्ये आधी एक अख्खा हिवाळा काढायचं ठरवलं.

हेच मी आपल्या लोकांनाही सांगते. डिसेंबरात लग्नसराईला तीन आठवडे जाऊन निर्णय घेऊ नका. जून ते सप्टेंबर राहा, भाड्याच्या घरात, दिवे जातात आणि कपडे वाळत नाहीत तेव्हा. इथलं घर वर्षभर तरी विकू नका. हंगेरी दुहेरी नागरिकत्व देते, भारत देत नाही. तेव्हा ओसीआय कार्डाचं (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) काम भावना उचंबळायच्या आधी उरका. मित्रांना इथलं ऐकवण्याआधी त्यांचं ऐका. तुम्ही नसताना त्यांनी तुमच्या आईला दवाखान्यात नेलं असेल, तुम्हाला कळवलं नसेल. आणि गल्लीत कोणी ओळखलं नाही तर तो अपमान नसतो. तो पोरगा तुम्ही गेलात तेव्हा जन्मलाही नव्हता.

बाई गेल्या, आणि हिवाळा संपल्यावरही राहिल्या. अधूनमधून मेल येते. शेवटच्या मेलमध्ये लिहिलं होतं, की जिन्यात वरच्या मजल्यावरचा दप्तर घेतलेला मुलगा भेटला आणि त्यांना म्हणाला, "चोकोलोम!" यावर मोठ्या माणसाने काय म्हणायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. नुसत्या हसल्या, घरात गेल्या, दोन मिनिटांनी बाहेर आल्या आणि शेजारणीची बेल वाजवून विचारलं. शेजारीण म्हणाली, "सेरवुस म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.