पुण्याहून पंढरपूरला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी का? आणि एवढ्याशा गावात एवढं मोठं जंक्शन कसं झालं?

‘कुर्डुवाडीला अडकशील, सरळ सोलापूर गाठ’ असं तुमच्या मित्राने सांगितलं म्हणता. मित्र लातूरचा आहे का? सहज विचारलं.

सोलापूरला उतरायचं म्हणजे कुर्डुवाडीवरूनच पुढे जायचं आणि मग सत्तरेक किलोमीटर रस्त्याने उलटं पंढरपूरकडे यायचं. कुर्डुवाडीहून पंढरपूर पन्नासच्या आसपास. यात विचार करण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. हुतात्मा एक्स्प्रेस कुर्डुवाडीला रात्री सोडते, सिद्धेश्वर एक्स्प्रेस पहाटे. पंढरपूरची गाडी जुळली तर तिने जा, नाहीतर एसटी आहेच.

आता जंक्शन कसं झालं ते. जीआयपी म्हणजे तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी, तिचा रूळ १८६० साली सोलापूरला पोचला, पण बार्शीची पेठ बाजूलाच राहिली. आमच्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ पडला, तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरच्या खटपटीने. हा गडी आधी जीआयपीतच नोकरीला होता. म्हातारपणी विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला, म्हणजे स्वस्थ बसणारा नव्हेच. त्याचं म्हणणं होतं की रूळ अरुंद आहे म्हणून डबा लहान असायची गरज नाही. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, तेवढं सांभाळलं की हलक्या रुळावरही भरपूर माल ओढता येतो. त्याने तो ओढून दाखवला. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर, १९२७ साली मिरज. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतला माल छोट्या गाडीत आणि छोटीतला मोठीत, हमालांच्या पाठीवरून. गाव त्यावर जगलं. वर्कशॉप झालं, चाळी झाल्या. १९५४ साली सरकारने सगळी लाइन विकत घेतली.

आमचे दाजी लातूरचे. बहिणीचं लग्न १९८३ साली कुर्डुवाडीत झालं. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, आदल्या दिवशीच्या छोट्या गाडीने निघू. दाजी आणि त्यांचे मित्र हसले. ‘त्या गाडीतून उतरून लघवीला जाऊन परत चढता येतं,’ हा त्यांचा ठेवणीतला विनोद, तो त्यांनी माझ्या वडिलांसमोर केला. वडील वर्कशॉपात फिटर. ते काही बोलले नाहीत. नवरदेवाच्या मंडळींनी टेम्पो ठरवला आणि पहाटे निघाले. म्हातारी मंडळी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे येऊन, जेवून, झोपून, सकाळी अंघोळी करून तयार. नवरदेवाचा पत्ता नाही. टेम्पोचा पाटा येडशीच्या अलीकडे तुटला होता. फोन कुठला तेव्हा! भटजी दर दहा मिनिटांनी पंचांग उघडायचे. शेवटी दुसऱ्या मुहूर्तावर अक्षता पडल्या, तोवर दाजींची चुलत आजी दोनदा चहा पिऊन मांडवातल्या प्रत्येकाला ‘आम्ही गाडीनं आलो बाई’ असं सांगून आली होती. तिला मी तेव्हापासून मानतो.

आणि तरी आजतागायत कुठल्याही कार्यात दाजी सुरू होतात: तुमच्या गावाने आम्हाला शंभर वर्षं गाडी बदलायला लावली. अहो, बदलायला लावली म्हणजे आणून तरी सोडलं ना! लातूरला मोठा रूळ नीट पोचायला २००८ उजाडलं. तोवर मुंबई-पुण्याची गाडी गाठायला लातूरकर आमच्याच फलाटावर वळकट्या टाकून बसत होते.

२०१६च्या एप्रिलमध्ये लातूर कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. कुठून गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. रूळ रुंद झालेला, काही ठिकाणी वळवलेला, पण वाट कॅल्थ्रॉपच्या कंपनीचीच. हे मी दाजींना त्याच आठवड्यात ऐकवलं. ते म्हणाले, पाणी मिरजेचं होतं. यावर माणसाने काय बोलावं?

स्टेशनवरच्या सोयींचं विचारलंत. जंक्शनला असतात त्या आहेत; चहा मिळतो, बसायला जागा मिळते. सोयी बघायला कुणी कुर्डुवाडीला उतरत नाही.

हां, एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. छोटी गाडी हळू होती, हे खरंच आहे. लातूर म्हणजे अख्खा दिवस जायचा. दाजींसमोर हे मी कबूल करणार नाही. पंढरपूरकडे गाड्या दिवसभर सारख्या नसतात, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघा, माझ्या भरवशावर राहू नका. आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सोडतात, पण म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असेल तर एकादशीच्या आगेमागे जाऊच नका, चार दिवसांनी जा. विठोबा कुठे जात नाही. आणि टेम्पो ठरवू नका.

दाजी हल्ली मुंबईहून लातूर एक्स्प्रेसने घरी जातात. गाडी कुर्डुवाडीला थांबली की रात्री-अपरात्री मला फोन लावून म्हणतात, ‘बघ, अडकली.’ थांबणारच ना. जंक्शन आहे.