पिवळे ठिपके असलेला दगड मिक्सरमध्ये दळून सोनं निघेल का?

तुमच्या भावाने रायचूरकडून पांढरा दगड आणलाय, त्यात पिवळे ठिपके आहेत, आणि तो मिक्सरमध्ये दळून, धुऊन सोनं काढायचा तुमचा विचार आहे. खनिज प्रक्रियेच्या कामात मी पंधरा वर्षं आहे, म्हणून सांगतो.

आधी मिक्सर बाजूला ठेवा. पांढरा दगड म्हणजे बहुतेक गारगोटी. तिची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो आणि तो बरा होत नाही. त्यापेक्षा ठिपक्यात सुई टोचून पाहा. सोनं मऊ असतं, सुईखाली दबतं. भुगा झाला तर ते पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज.

सोनं निघालं तरी हिशोब बघा. टनामागे चार ग्रॅम सोनं मिळालं तर खाण चांगली समजतात. चार ग्रॅम म्हणजे एका वाटाण्याएवढं, तेही टनभर दगडात कणाकणाने विखुरलेलं. म्हणून खाणीवर आधी दगड दळतात. लोखंडी गोळ्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपात दगड पाण्यासकट जातो आणि त्याचा गाळ होतो. खरं कसब किती दळायचं यात आहे. भरडच राहिलं तर सोनं दगडाच्या पोटात अडकून पडतं. मैदा केला तर कण इतके बारीक होतात की पाण्याबरोबर वाहून जातात, आणि वीज फुकट जाते ती वेगळीच. कण सुटा होईल इतकंच दळायचं, जास्त नाही.

हे मला कॉलेजच्या आधी मुंबईत भुलेश्वरला कळलं. मामाच्या दागिन्यांच्या कारखान्यातला केर न्यायला झारेकरी, म्हणजे केरातून सोनं काढणारे लोक, यायचे. कारागिरांच्या पायाखालची चटई, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं न्यायचे. जाळायचं, कुटायचं, चाळायचं आणि मग पसरट घमेल्यात पाणी घालून घोळायचं. आई तांदूळ रोळताना खडा तळाशी राहायचा, तसंच. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट, त्यामुळे राख निघून जायची आणि घमेल्याच्या कडेला पिवळी रेघ उरायची. एकदा ते घमेल्यात रिठ्याचं पाणी ओतताना दिसले. विचारलं तर म्हणाले, "तेलकट कण तरंगतो बाळा, त्याला बुडवावं लागतं."

पुढे कळलं, मध्य प्रदेशातल्या मलांजखंडच्या खाणीत तांब्याला हीच तरंगायची खोड मुद्दाम लावतात. गाळात झँथेट नावाचं रसायन घालतात. ते तांब्याच्या कणाला चिकटतं, कण पाण्याने भिजेनासा होतो आणि हवेच्या बुडबुड्यावर बसून वर येतो. वरचा फेस काढून घ्यायचा. टक्काभर तांब्याचा दगड असा वीस-पंचवीस टक्क्यांवर जातो. जड कण तरंगतो आणि हलका दगड खाली राहतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाकीपाशी बराच वेळ उभा होतो.

घोळून न सापडणारं बारीक सोनं खाणीवर सायनाइडच्या पाण्यात विरघळवतात. 1887 पासूनची ही पद्धत आहे. घरी तिचा विचारही करू नका. पाऱ्याचाही नाही. झारेकरी पाऱ्यात सोनं धरून, फडक्यातून पिळून उरलेला गोळा निखाऱ्यावर तापवायचे. ती वाफ नाकातोंडात जाते, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांचे हात थरथरताना मी पाहिलेत.

सुई टोचून काय झालं ते कळवा. दबलं तर दगड फोडू नका, तसाच ठेवा. गारगोटीत उघड दिसणारं सोनं रोज सापडत नाही.