आधी पाव-पाऊण, मग दशांश

सर, सहावीला दशांश अपूर्णांक शिकवताना नियमापासून सुरुवात करू नका. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, हे पोरांना किराणा आणून आणून पाठ असतं. तिथूनच १/४ = ०.२५ काढून घ्या. पाऊण, सव्वा, दीड मागोमाग येतात.

मग ३/८ द्या. छेदाला १२५ ने गुणलं की १०००, अंशालाही तेच: ३७५/१०००, म्हणजे ०.३७५. १/३ ला मात्र हे जमत नाही, सरळ भागाकार करू दे. तीनावर तीन येत राहतात, मुलांना मजा वाटते.

आणि ०.४५ ला ‘पॉइंट पंचेचाळीस’ म्हणू देऊ नका. माझ्या वर्गात त्यापायी ०.४५ हा ०.५ पेक्षा मोठा ठरायचा! ‘चार पाच’ असं सुटं वाचायला लावा, नाहीतर शेजारी ०.५० लिहा.