सासूबाईंचं 'केलं', म्हणजे काय केलं?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. घरकाम, मुलं, म्हातारी-आजारी माणसं यांच्यासाठी बायका घरात जे बिनपैशाचं काम करतात, त्याला इंग्रजीत 'अनपेड केअर वर्क' म्हणतात. मराठी प्रश्नावलीत त्याला 'विनावेतन काळजी-कार्य' लिहिलं तर चालेल का?

अर्थ पोचेल, पण कानाला खटकेल. मराठीत काळजी 'करणं' म्हणजे जिवाला घोर लावून घेणं, काळजी 'घेणं' म्हणजे जपणं. क्रियापद काढून टाकलं की 'काळजी-कार्य'मधली काळजी यांपैकी कोणती, ते कळत नाही.

आणि या कामाला मराठीत शब्द आहे की! बायकांच्या तोंडी तो रोज असतो. 'सासूबाईंचं मी सगळं केलं.' 'जावेचं बाळंतपण मीच केलं.' कोणाचं ते सांगितलं, केलं हेही सांगितलं. काय केलं ते नाम मात्र वाक्यात नाहीच, आणि ऐकणारीला ते विचारावंही लागत नाही. बाळंत होते एक, बाळंतपण 'करते' दुसरी. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची न्हाणी, रात्रीबेरात्रीचं उठणं, सगळं त्या एका 'केलं'मध्ये मावतं.

माझ्या आईनं आजीचं सहा वर्षं केलं. आजी अंथरुणाला खिळलेली. थोड्या थोड्या वेळानं कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, मऊ भात कालवून भरवायचा, भांडं द्यायचं. त्याच दिवसांत कसलासा फॉर्म भरून घ्यायला एक जण घरी आले. 'मिसेस काय करतात?' बाबा म्हणाले, 'काही नाही, घरीच असते.' आई तेव्हा आतल्या खोलीत आजीची चादर बदलत होती. बाबांच्या मनात काही वाईट नव्हतं, सगळे बोलतात तेच ते बोलले. पण क्रियापद तेच आहे, बघा. सगळ्यांचं 'करते' आणि 'काही करत नाही', दोन्ही एकाच बाईबद्दल. मला हे फार लागतं.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात हे 'काही नाही' मोजलेलं आहे. घरच्यांसाठी बिनपैशाचं घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच आकडे देऊन गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरलं, तेही अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात. म्हणजे त्या कामाचा हिशेब झाला तो बाई गेल्यावर.

हेच काम घराबाहेर पैसे घेऊन केलं तरी शब्द आडवे येतात. अंगणवाडीतली बाई 'सेविका', आणि तिला मिळतं ते 'मानधन'. मानधन पाहुण्या वक्त्याला देतात, स्पर्धेच्या परीक्षकाला देतात. महिनाभर मुलांना सांभाळून, खाऊ घालून, वजनं करून, रजिस्टरं भरून जे मिळतं त्याला पगार का म्हणू नये? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तेव्हा ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच, असं धरलं. शेतावर 'गड्याची हजेरी' आणि 'बाईची हजेरी', म्हणजे दिवसाची मजुरी, हे दोन वेगळे आकडे तर अजूनही सहज बोलले जातात, समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला असूनही.

तेव्हा प्रश्नावलीच्या मथळ्यासाठी मी 'बिनपगारी घरकाम आणि उस्तवार' सुचवीन. 'बिनपगारी' सगळ्यांना रजेमुळे माहीत आहे. 'उस्तवार'मध्ये माणसाचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, वेळा सांभाळणं सगळं येतं. शब्द थोडा मागे पडलाय, पण घराघरांत अजून आहे. 'सेवा' मात्र टाळा, सेवेचे पैसे मागायला माणूस लाजतो.

प्रत्यक्ष बायकांशी बोलताना यातलं काहीच नको. 'तुम्ही काय काम करता?' विचारलंत तर उत्तर येईल, 'काही नाही, घरीच असते.' त्याऐवजी विचारा, 'घरात तुम्हाला कोणाकोणाचं करावं लागतं?' आणि लिहून घ्यायला पुष्कळ जागा ठेवा.