लेसोथोतला थाबा बोसिऊ डोंगर मुद्दाम जाऊन बघण्यासारखा आहे का?

जाच की! राजधानी मासेरूहून पंचवीसेक किलोमीटर, अर्धा दिवस पुरतो. १८२४ मध्ये मोश्वेश्वे राजा आपली माणसं घेऊन इथं आला, रात्री पोचले म्हणून नाव 'रात्रीचा डोंगर', आणि शत्रू आला की डोंगर रात्रीतून वाढतो अशी आवई पण उठवलेली (डोकं बघा!). १८६५ ला बोअर (दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे गोरे) चालून आले तरी पडला नाही. खालून गाईड घ्या, खुबेलू खिंडीतून चढताना दम लागतो पण आपल्या गडांची सवय असेल तर किरकोळच. वर सपाट पठार, पडक्या दगडी भिंती, राजाची साधी कबर. समोर किलोआने सुळका दिसतो, इथल्या बासोथो लोकांची गवती टोपी त्याच्यावरूनच सुचली म्हणतात. पाणी न्या, वर सावली नाही.